वाढीचा आकडा आणि ऊसबिलाची तारीख

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर पलूस तालुक्यात, अडीच एकर ऊस, दोन म्हशी नि एक गाय, आई बचत गटात, वडील शेती बघतात, तुम्ही एमआयडीसीत कंत्राटी कामाला आणि धाकटी बहीण बारावीला. विचारलंय असं की टीव्हीवर अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली म्हणून सांगतात मग आमच्या घरात वीस तारखेनंतर तीच ओढाताण का, सरकारची धोरणं आमच्या चुलीपर्यंत येतात तरी का, आणि वडील म्हणतात आमच्या काळी बरं होतं ते खरं मानायचं का.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त शेती कर्जाच्या टेबलावर. तासगाव, विटा, कोरेगाव, दहिवडी, परत सांगली अशी फिरले आणि २०२२ ला रिटायर झाले. अर्थशास्त्राची प्राध्यापक नाही मी, पण धोरण बदललं की घरात काय होतं ते पासबुकावर उमटताना रोज बघितलंय, त्यामुळं त्याच अंगानं सांगते.

धोरणं घरात येतातच. पण घर सुखात आहे का हे पैसा किती आला यापेक्षा तो कधी आला, आणि येणारा पैसा मधेच अडकला तर नुकसान कोणाच्या अंगावर पडलं, यावर जास्त ठरतं. थकीत खात्यांच्या फायली चाळताना हे मला परत परत दिसलं. कमी उत्पन्नाची माणसं नियमित हप्ते भरायची आणि चांगली सहा-सात एकरवाली माणसं अडकायची. कारण बघितलं की बहुतेक वेळा एकच, ऊसबिल, म्हणजे कारखान्याकडून येणारे उसाचे पैसे, लांबलं, नाहीतर दवाखाना लागला.

आधी तो साडेसहाचा आकडा. २०२४-२५ साठी सरकारनं दिलेला तो आकडा म्हणजे अख्ख्या देशात वर्षभरात जेवढा माल बनला, जेवढ्या सेवा दिल्या गेल्या त्यांची एकत्र मोजदाद महागाई वजा करून किती वाढली ते. त्यात बेंगळुरूची सॉफ्टवेअर कंपनी पण आली, मुंबईचा बिल्डर पण आला आणि तुमचा ऊस पण आला, पण कोणाच्या वाट्याला किती आलं ते त्यात दिसत नाही. आपल्या देशात काम करणाऱ्या १०० माणसांत ४६ च्या आसपास शेतीत आहेत आणि देशाच्या १०० रुपयांच्या उत्पन्नातले शेतीचे साधारण १८. ही एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तरी अर्धं कोडं सुटतं. १८ रुपये ४६ जणांत वाटायचे आणि ८२ रुपये ५४ जणांत, मग वाढ जिथं जोरात होते तिथं तुमच्या घरातलं कोणी आहे का हा खरा प्रश्न उरतो, आणि तुम्ही एमआयडीसीत आहात म्हणजे एक पाय तिकडं टाकलाय पण तोही कंत्राटी.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांचा मान राखून सांगते, आकड्यानं ते बरोबर नाही. खेड्यातल्या घराचा १०० रुपये खर्च धरला तर १९९९-२००० ला त्यातले ५९ रुपये नुसते खाण्यावर जायचे, २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ते ४७ वर आलेत. म्हणजे पोट भरून हातात उरणारा पैसा वाढला. गरिबी रेषेखालची माणसं २००४-०५ ला ३७ टक्के होती ती २०११-१२ ला २२ टक्क्यांवर आली, तेंडुलकर समितीच्या मोजणीनं. आणि त्या सात वर्षांत वाढ जोरात होती हा योगायोग नव्हे, बांधकामं निघाली, मजुरी वाढली, साताऱ्या-सांगलीची पोरं पुण्याला चाकणला गेली आणि घरी पैसे पाठवायला लागली. वाढ नको असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणून जमत नाही. ज्यांनी माण-खटावचा दुष्काळ बघितलाय ते असं म्हणणार नाहीत.

तरी वडिलांना जे वाटतं ते उगाच नाही. त्यांच्या तरुणपणी खर्चाला तारीख नसायची. किराणा दुकानात वही असायची, सुगी झाली की भागवायचं, मास्तर फी साठी थांबायचे, वैद्य तर धान्यावर पण औषध द्यायचा. आता मोबाईलचा रिचार्ज २८ दिवसांनी, गॅस महिन्या-दीड महिन्याला, गाडीचा हप्ता पाच तारखेला, कॉलेजची फी जूनला, बचत गटाचा हप्ता ठरलेल्या दिवशी. खर्चाला सगळीकडं तारखा लागल्या पण शेतातल्या उत्पन्नाला तारीख लागलेली नाही. ओढाताण तिथून सुरू होते बघा.

तुमचाच ऊस घ्या. अडीच एकरात १०० टन धरू. केंद्रानं २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३४० रुपये ठेवली, २०२५-२६ ला ३५५, ती सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे १०० किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर, वर उतारा असेल तर जास्त, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हातात टनाला तीन हजार धरले तर तीन लाख होतात. वर्षाचे तीन लाख म्हणजे महिन्याला २५ हजार, कागदावर चांगलं दिसतं. पण ऊस लावल्यापासून तुटेपर्यंत बारा ते अठरा महिने, मग ऊसतोडीची टोळी कधी येईल ते आपल्या हातात नाही, मग बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. मला विचाराल तर पश्चिम महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी कल्याणकारी योजना ही १४ दिवसांची ओळ आहे, कुठल्याही अनुदानापेक्षा मोठी. आणि सगळ्यात जास्त मोडली गेली ती पण हीच.

कोरेगावला असताना एक बाई यायच्या, नवरा वारलेला, दीड एकर ऊस. त्यांच्याकडं शाळेची दोनशे पानी वही होती, डाव्या पानावर ऊस गेल्याची तारीख, काटा पावतीचा नंबर, वजन, आणि उजव्या पानावर त्या पैशांची वाट बघत असताना कोणाकडून किती घेतले ते. एका वर्षी डावं पान तीन ओळीत संपलं होतं आणि उजवं पान भरून मागं गेलं होतं. मुलाची फी, खताची उधारी, भावाकडून हातउसने, सोन्याची बोरमाळ गहाण, आणि शेवटी एक ओळ, शेकडा तीन. म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला ३६. बिल साडेतीन महिन्यांनी आलं तेव्हा आम्ही दोघींनी टेबलावर बसून हिशोब मांडला, तेवढ्या काळात बाईंचे साडेआठ हजार व्याजात गेले होते. कायद्यानं त्यांनाच व्याज मिळायला हवं होतं. मिळालं नाही आणि मागायचं कसं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. देशाच्या आकड्यात त्या वर्षी ऊस वाढलाच होता, साखर वाढलीच होती. बाईंच्या घरात वाढ आली ती व्याज होऊन दुसऱ्याच्या घरी गेली.

फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यात द्यायचा निर्णय काढला होता, त्यावर किती आंदोलनं झाली ते तुम्हाला आठवत असेल, शेवटी मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लोकांना हे सांगितलं की ते म्हणायचे रक्कम तीच आहे ना, मग दोनदा मिळाली तर काय बिघडलं. बिघडतं ते त्या उजव्या पानावर बिघडतं.

कारखाना मुद्दाम थकवतो असं प्रत्येक वेळी नसतं, हेही सांगायला पाहिजे. कारखान्यानं साखर किमान कितीला विकायची ते केंद्रानं ठरवलेलं आहे, फेब्रुवारी २०१९ ला ते किलोला ३१ रुपये केलं. त्या हंगामाला एफआरपी २७५ होती. पुढं एफआरपी दर एक-दोन वर्षांनी चढत ३५५ वर गेली आणि ३१ रुपये मात्र वर्षानुवर्षं तिथंच राहिले. बाजारात साखर त्यापेक्षा वर विकली जाते हे खरं, पण बँक साखरेच्या पोत्यावर उचल देते ती साखरेची किंमत धरून, आणि त्यातून आधीचं कर्ज कापून घेतलं की शेतकऱ्याला द्यायला हातात कमीच उरतं. मग सरकारनं सांगितलं इथेनॉल करा, पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं लक्ष्य २०३० वरून २०२५ वर अलीकडं आणलं, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, तेल कंपन्यांचा पैसा लवकर येतो म्हणून ऊसबिलं पण बरी निघायला लागली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात एक आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. नंतर आठवड्याभरात थोडी सूट दिली, पुढच्या वर्षी बंदी पूर्ण उठवली, पण हंगाम तर गेला ना.

सरकारचं कारण खोटं नव्हतं. पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडून शहरात चाळीसची साखर पन्नासवर गेली असती तर त्या घरांनी काय करायचं, त्यांचंही पोट आहे. पण शहरातल्या घराला साखर स्वस्त मिळावी याची किंमत कोणी भरायची हे ठरवताना ती कारखान्याच्या ताळेबंदावर टाकली आणि कारखान्यानं ती ऊसबिलाच्या तारखेवर टाकली. धोरण बदलायचा सरकारला हक्क आहे, पण हंगाम सुरू झाल्यावर बदलायचं असेल तर त्याचा खर्च सरकारी तिजोरीनं उचलायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मी माझ्या खातेदाराला कर्ज देऊन मधेच अटी बदलल्या असत्या तर मला कोणी खुर्चीवर ठेवलं नसतं.

महागाईचं पण असंच दोन्हीकडून कापणारं आहे. ऑक्टोबर २०२४ ला खाण्यापिण्याची महागाई देशात जवळजवळ ११ टक्के होती आणि बरोबर वर्षानं, ऑक्टोबर २०२५ ला, ती उणे ५ झाली, म्हणजे खाण्याच्या वस्तू आदल्या वर्षापेक्षा स्वस्त. वर्तमानपत्रात आनंदाची बातमी. पण तुमच्यासारख्या घरात त्याचा अर्थ काय लावायचा? आई बाजारातून भाजी आणते तिथं ५० रुपये वाचले आणि शेजारच्याची सोयाबीन हमीभावाच्या खाली गेली. खेड्यातलं घर एकाच दिवशी गिऱ्हाईक पण असतं आणि दुकानदार पण. म्हणून कांद्यावर निर्यातबंदी आली की, डिसेंबर २०२३ ला आली होती तशी, ते चांगलं का वाईट हे विचारू नका, तुमच्या घरातून त्या महिन्यात काय विकलं जातं आणि काय विकत आणलं जातं एवढं बघा.

दुधाचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात आईचा उल्लेख एकाच ओळीत येऊन गेला आणि मला वाटतं तुमचं घर तिच्यावरच चाललंय. दुधात नफा कमी, पेंड महाग, वैरणीची मरमर, तरी आपल्या भागातल्या बायका म्हैस सोडत नाहीत. मी सुरवातीला हिशोब करून सांगायचे की ताई यात काही राहत नाही. एकदा विट्याला एकीनं मला सरळ उत्तर दिलं, म्हणाली, मॅडम राहत नाही ते मला पण कळतं पण दहाव्या दिवशी हातात येतं. बास. डेअरीचं बिल दहा दिवसाला निघतं आणि त्या तारखेवर किराणा, शाळेची बस, सासूची गोळी सगळं बसवलेलं असतं. त्यानंतर मी गायी-म्हशीच्या कर्जाचा अर्ज कधी नुसत्या नफ्यावर तोलला नाही. आता सरकारनं २०२४ ला गायीच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान दिलं, नंतर ७ केलं, दूध भुकटीचे भाव पडले होते तेव्हा ते गरजेचंच होतं. पण त्याला कानातला बिल्ला, ऑनलाइन नोंद, खातं जोडणं, आणि पैसा कित्येकांना फार उशिरा. दहा दिवसाच्या धंद्याला महिन्यांनी येणारं अनुदान म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला पैसे दिल्यासारखं झालं.

मग चांगलं धोरण कसलं असतं, तर पाणी. खानापूर-आटपाडीची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईला का गेली, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशाच्या कुठल्या कुठल्या गावात जाऊन भट्ट्या का लावल्या, तर गावात पाणी नव्हतं म्हणून. त्या भट्टीच्या धुरात उभ्या राहिलेल्या माणसांनी गावं जगवली. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर आलं, कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलायचं आणि उपसा करत करत आटपाडीपर्यंत न्यायचं. विजेचं बिल एवढं की शेतकऱ्यांना परवडणारच नाही, म्हणून सरकारनं ८१ टक्के वीजबिल स्वतः भरायचं आणि शेतकऱ्यांनी १९ टक्के असं ठरवलं. हे अनुदान वाया जातं म्हणणारे लोक मला भेटलेत. त्यांना मी एक फाईल सांगायचे. खानापूर तालुक्यातलं एक घर, नवरा दक्षिणेत गलाईला, बायको दोन पोरं घेऊन गावात. गावच्या तलावात टेंभूचं पाणी आलं त्या वर्षी बाई शाखेत आली आणि ठिबकसाठी कर्ज मागितलं. मी विचारलं फेडणार कसं, तर म्हणाली, पाणी परत येणार हे नक्की असेल तर फेडीन, तुम्ही मला तेवढं सांगा. मी काय सांगणार होते? आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटेल ते शाखेत बसलेल्या अधिकाऱ्याला थोडंच ठाऊक असतं. तरी कर्ज दिलं. दुसऱ्या वर्षी पाणी आलं, तिसऱ्या वर्षी पण आलं, आणि चौथ्या वर्षी नवरा परत आला. खात्यावर शहरातून येणारी मनीऑर्डरसारखी रक्कम थांबली आणि ऊसबिल यायला लागलं. त्या घरानं ते पाणी नुसतं पिकात नाही मोजलं, त्या पोरांचा बाप घरी आला.

आणि पैसा आला कुठून या सगळ्याला? वाढीतूनच ना. तुमच्या पगारपत्रकावर बघा, महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. लोक त्यावर चिडतात. पण तो कर महाराष्ट्रानं १९७५ ला लावला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला, आणि रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तुमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. पहिला प्रयोग पण त्याच गावात, १९६५ ला. मग १९७२ चा दुष्काळ पडला, मे १९७३ ला राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि १९७७ ला कायदा झाला की मागेल त्याला काम द्यायचं. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून निघून जतच्या, माणच्या खडीवर बसलेल्या बाईच्या हातात आठवड्याच्या मजुरीनं पैसा जायचा. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा त्यावरूनच आला. वाढ एका ठिकाणी झाली आणि धोरणानं ती दुसऱ्या ठिकाणी तारखेवर पोचवली, याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही. जेव्हा जेव्हा ती आठवड्याची मजुरी लांबली तेव्हा माणसं कामावर यायची बंद झाली, कामाची गरज नव्हती म्हणून नाही, उपाशी राहून पंधरा दिवस थांबणं जमत नाही म्हणून.

व्याजदराचं थोडक्यात सांगते, तेही चुलीपर्यंत येणारं धोरणच. रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, २०२५ ला फेब्रुवारी ते जून एक टक्क्यानं कमी केला, साडेसहावरून साडेपाच. ज्याचं २० लाखाचं वीस वर्षांचं घरकर्ज आहे, दर साडेआठवरून साडेसात झाला, त्याचा हप्ता महिन्याला साधारण साडेबाराशेनं उतरतो. ज्या आजोबांनी रिटायरमेंटचे १० लाख ठेवीत टाकलेत त्यांचे नवी ठेव करताना वर्षाला १० हजार जातात. आणि जिनं गल्लीतल्या मायक्रोफायनान्सकडून २० ते २५ टक्क्यांनी घेतलंय तिला काहीच फरक पडत नाही, तिचा आठवड्याचा हप्ता तोच. आईला विचारा तिचा गट कुठला आहे. सरकारच्या उमेद अभियानातला बँकेशी जोडलेला गट असेल तर तीन लाखापर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं. मायक्रोफायनान्सचा गट पण बाहेरून अगदी तसाच दिसतो, त्याच दहा बायका, तीच सतरंजी, पण व्याज तिप्पट.

दवाखान्याचं मी वर म्हटलं. मिरज जवळ आहे म्हणून आपण नशीबवान, कर्नाटकातून माणसं तिथं येतात. तरी थकीत खात्यांत दर चार-पाचातलं एक मिरजेच्या बिलानं थकलेलं असायचं असा माझ्या टेबलावरचा अनुभव. देशात आरोग्यावर होणाऱ्या खर्चातला लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९ वर आला, हा उतार मला जीडीपीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. महात्मा फुले योजनेत आता पाच लाखापर्यंतचा उपचार आहे आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, फक्त रुग्णालय यादीत आहे का ते भरती व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

लाडकी बहीणबद्दल दोन्ही बाजूचे लोक भांडतात. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना ते १५०० येतात, त्यातल्या ५०० ची त्यांनी आरडी लावली, साठाव्या वर्षी आयुष्यातली पहिली. बाईच्या स्वतःच्या खात्यावर येणारा पैसा किती मोठा असतो हे मी नाकारणार नाही. पण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता, आणि तोच रुपया टेंभूच्या राहिलेल्या कामाला पण लागतो, वसतिगृहाला पण लागतो. मावशींचे १५०० काढून घ्या असं मी म्हणत नाही. ते दर महिन्याला ठरल्या दिवशी द्यायचे असतील तर कर कुठून येणार ते पण त्याच सभेत सांगा एवढंच.

आता तुमच्या घरापुरतं, कारण नुसतं धोरण सांगून तुमची वीस तारीख सुटायची नाही. वडिलांचं सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज असणारच. तीन लाखापर्यंत ७ टक्के व्याज असतं, वेळेत भरलं तर केंद्राकडून ३ टक्के सूट आणि उरलेलं राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलतीतून, म्हणजे शून्य. दीड लाखाचं कर्ज असेल तर हे वर्षाचे साडेदहा हजार आहेत आणि ते एका दिवसाच्या उशिरानं जातात. मार्चअखेरीला नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला, लोक दोन दिवसासाठी बाहेरून पैसे उचलतात, लाखाला हजार देऊन, मी डोळ्यांनी बघितलंय. तसं करायची वेळ येऊ नये म्हणून ऊसबिल सरळ कर्जखात्याच्या शाखेत जमा करून घ्या आणि परतफेडीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. काट्याच्या पावत्या फेकू नका, १४ दिवसांच्या वरचं व्याज मागायचं तर पहिला पुरावा तोच.

तुमचं स्वतःचं, कंत्राटदार पीएफ कापतो म्हणतो, पण भरतो का ते यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून मोबाईलवर बघा, दर महिन्याला. पगार २१ हजाराच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड मागा, ते तुमच्यापुरतं नसतं, अवलंबून असलेल्या आईवडिलांना पण चालतं.

आणि बहिणीचं सगळ्यात आधी. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून घेतला तर. माझ्या काळात ही सोय असती तर मी नाकारलेले कितीतरी शैक्षणिक कर्जाचे अर्ज आलेच नसते, त्या मुलींची तोंडं अजून आठवतात. पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, प्रवर्गाप्रमाणं ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रिमीलेअर लागतं, आणि निकाल लागला की सेतूसमोर अख्खा तालुका उभा असतो. तुम्ही एप्रिलमधेच एक दिवस सुट्टी टाका, वडिलांना घेऊन तहसीलला जा आणि दाखले काढून घरात ठेवा.